सात दारं आणि एक खिडकी

समोर हडसन नदी, आणि टेकाडावर हे बसकं दगडी घर, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातलं जनरल वॉशिंग्टनचं मुख्यालय. न्यूयॉर्क राज्यातलं न्यूबर्ग. जोनाथन हॅसब्रूकनं १७५० मध्ये हे घर बांधायला घेतलं, रानातलेच दगड, जाड भिंती, वर उतरतं भलंमोठं छप्पर. १७७० मध्ये ते आणखी वाढवलं. थोडक्यात काय, तर एका खात्यापित्या शेतकऱ्याचं घर.

आत या. ह्या खोलीला दारं मोजा, सात आहेत, आणि खिडकी फक्त एक. आणि ही डच पद्धतीची चूल बघा, हिला दोन्ही बाजूंना भिंतीच नाहीत, आग मागच्या भिंतीला लागून उघड्यावरच पेटायची आणि धूर वरच्या धुराड्यातून निघून जायचा. मी कितीदा बघितलीय तरी इथून पाय निघत नाही.

जोनाथन १७८० मध्ये गेला. एप्रिल १७८२ मध्ये अमेरिकन सैन्याचा प्रमुख जनरल वॉशिंग्टननं मुक्कामासाठी हे घर घेतलं आणि जोनाथनच्या विधवा बायकोला, ट्रिंट्येला, मुलाबाळांसकट बाहेर पडावं लागलं. इतिहासात ह्या बाईचं नाव फार कोणी घेत नाही, मला ते घ्यावंसं वाटतं.

इंग्रजांविरुद्धची यॉर्कटाउनची लढाई जिंकून झाली होती पण तह झाला नव्हता, इंग्रज अजून न्यूयॉर्क शहरात ठाण मांडून होते, आणि इकडे सैनिकांचे पगार थकलेले. अशात मे महिन्यात वॉशिंग्टनच्याच सैन्यातल्या कर्नल निकोलाचं पत्र आलं, त्यातला सूर असा की तुम्हीच राजा व्हा. वॉशिंग्टननं त्याच दिवशी उत्तर धाडलं आणि चांगलंच खडसावलं. ऑगस्ट १७८३ पर्यंत तो इथेच राहिला, अख्ख्या युद्धात त्याचा इतका मोठा मुक्काम दुसऱ्या कुठल्याच मुख्यालयात झाला नाही.

पुढे घर परत हॅसब्रूक कुटुंबाकडे आलं, मग गहाण पडलं, कर्ज काही फिटलं नाही आणि सरकारच्या ताब्यात गेलं. अशी घरं सहसा पडतात किंवा विकली जातात. पण १८५० मध्ये न्यूयॉर्क राज्यानं ते जपायचं ठरवलं, ४ जुलैला जनरल विनफिल्ड स्कॉटनं इथे झेंडा चढवला आणि घर लोकांसाठी उघडलं. ऐतिहासिक वास्तू म्हणून सरकारनं जपलेली अमेरिकेतली ही पहिली जागा, वॉशिंग्टनचं स्वतःचं घर माउंट व्हर्नन वाचवायची धडपडसुद्धा त्यानंतरची. १९६१ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं.

ती सातही दारं अजून आहेत.