एक डोकं, तीन दरवाजे

(पडद्यावर: घडी घातलेला पांढरा हातरुमाल)

हँडकरचीफ. स्पेलिंग लिहिताना भल्याभल्यांना घाम फोडणारा शब्द. तो जरा उसवून पाहू. 'हँड' म्हणजे हात, ते दिसतंच आहे. उरला 'करचीफ'. तो आला जुन्या फ्रेंचमधल्या 'कुव्रचीफ'वरून: 'कुव्र' म्हणजे झाकणे आणि 'चीफ' म्हणजे डोकं. थोडक्यात, डोक्याला बांधायचं फडकं. पुढे ते हातात आलं, म्हणून इंग्रजांनी आधी 'हँड' जोडलं. मग ते खिशात गेलं, म्हणून त्याच्याही आधी 'पॉकेट' जोडलं. पॉकेट हँडकरचीफ: खिशातलं हातातलं डोकं-झाकणं. आणि पुसतो आपण नाक.

त्यातल्या 'चीफ'चं मूळ आहे लॅटिन 'कापुत', म्हणजे डोकं.

(पडद्यावर: 'कापुत', त्याखाली 'कापितिस')

लॅटिनमध्ये शब्दाचं रूप वाक्यागणिक बदलतं. मराठीत 'डोकं'चं सामान्यरूप 'डोक्या' होतं, तसं 'कापुत'चं 'कापित' होतं. 'डोक्याचा' म्हणायचं असेल तर 'कापितिस'. इंग्रजीत या घराण्याचे जे शब्द आहेत त्यांतले बरेचसे 'कापित' या अंगावर उभे आहेत, म्हणून शोधताना 'कापुत' शोधत बसू नये. रोमन माणूस हा शब्द नुसत्या डोक्यासाठी वापरत नसे. नदीचा उगम म्हणजे 'कापुत'. व्याज सोडून उरलेली मुद्दल म्हणजे 'कापुत'. नागरिक म्हणून कायद्यात असलेला दर्जा, तोही 'कापुत'. ज्या शिक्षेत हे 'कापुत' जायचं ती 'कॅपिटल पनिशमेंट'.

आता खरी गंमत. हा एकच शब्द इंग्रजीत पुन्हा पुन्हा शिरला, वेगवेगळ्या दरवाज्यांनी. कोणत्या दरवाज्यानं आला ते शब्दाच्या पहिल्या आवाजावरून ओळखता येतं.

(पडद्यावर: इंग्लिश खाडीचा नकाशा, नॉर्मंडी ठळक)

14 ऑक्टोबर 1066. हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि पुढची काही शतकं इंग्लंडच्या दरबाराची, कोर्टकचेऱ्यांची भाषा फ्रेंच झाली. पण फ्रेंच तरी एक कुठे होती? पॅरिसच्या बाजूला लॅटिन 'का'चा 'चा' झाला होता. नॉर्मंडीकडे, उत्तरेत, 'का' तसाच राहिला. इंग्रजांनी दोन्हीकडून उचल केली, त्यामुळे एकाच मुळाच्या जोड्या तयार झाल्या. क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक जोडी: 'कॅच' आणि 'चेस'. दोन्ही मुळात एकच शब्द, 'पकडणे' या अर्थाच्या लॅटिन 'कापेरे'पासून निघालेला. झेल नॉर्मंडीचा, धावांचा पाठलाग पॅरिसचा. 'कापेरे' म्हणजे 'कापुत' नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. त्याच्याकडे परत यायचं आहे.

आपल्या डोक्याच्या घराण्यातली जोडी याहून मजेदार आहे. 'कापुत'वरून 'कापितालिस', म्हणजे डोक्यासंबंधी, मुख्य. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'कापिताले', म्हणजे मालमत्ता, मुद्दल. नॉर्मंडीकडे त्याचं झालं 'कातेल', आणि इंग्रजीत 'कॅटल'. पॅरिसकडे झालं 'चातेल', आणि इंग्रजीत 'चॅटल'. तेराव्या शतकात 'कॅटल' म्हणजे सरळ संपत्ती. शेतकऱ्याची चालतीबोलती संपत्ती गोठ्यात असायची. म्हणून अर्थ आधी सगळ्या पाळीव जनावरांवर आला, त्यात घोडे-डुकरंही होती, आणि शेवटी गाईबैलांवर स्थिरावला. 'चॅटल' मात्र वकिलांच्या हाती लागला आणि आजही तिथेच आहे: जंगम मालमत्ता. मग सोळाव्या-सतराव्या शतकांत तोच शब्द तिसऱ्यांदा आला, 'कॅपिटल' म्हणून, भांडवल या अर्थानं. गाय, जंगम मालमत्ता आणि भांडवल. तिन्ही सख्खी भावंडं.

याच्या नेमका उलटा प्रवास 'पेक्युनिअरी'चा, म्हणजे 'आर्थिक'चा. लॅटिनमध्ये 'पेकुस' म्हणजे गुरं. त्यावरून 'पेकुनिया' म्हणजे पैसा. एका शब्दात संपत्तीची गाय झाली, दुसऱ्यात गाईची संपत्ती. हा 'पेकुस' आपल्या 'पशु'चा खरोखरचा नातलग आहे. ओढूनताणून जोडलेला नाही. सरकारी कागदांत 'पशुधन' लिहितात तेव्हा दोन्ही टोकं एका शब्दात बांधलेली असतात.

(पडद्यावर: स्वयंपाकघरात पांढरी उंच टोपी घातलेला शेफ)

तिसरा आवाज 'श'. जुन्या फ्रेंचमध्ये 'सी-एच'चा उच्चार 'च' होता. तेराव्या शतकात तो 'श' होत गेला. त्याआधीच्या वळणानं इंग्रजीत आलेले शब्द 'च' घेऊन बसले, नंतर आलेले 'श' घेऊन आले. म्हणून 'चीफ' आणि 'शेफ'. दोघांचं मूळ एक, अर्थही एकच: प्रमुख. 'चीफ' 1300च्या सुमारास आला. 'शेफ' आला एकोणिसाव्या शतकात, 'शेफ द क्विझिन'मधून, म्हणजे स्वयंपाकघराचा प्रमुख. त्यामुळे 'शेफ'चा अर्थ मुळात स्वयंपाकी नाही. 'हेड शेफ' म्हणणं तर डोक्यावर डोकं ठेवण्यासारखं आहे, पण आता ते रुळलंय.

तीनही आवाज एका ओळीत ऐकायचे असतील तर लॅटिन 'काम्पुस', म्हणजे मैदान, घ्या. थेट लॅटिनमधून आलेला 'कॅम्पस'. मैदानात लढणारा 'चॅम्पियन', जुन्या फ्रेंचमधून. आणि ज्या प्रदेशाचं नावच सपाट मैदानावरून पडलं तिथली 'शॅम्पेन', उशिराची. क, च, श.

'चीफ मिनिस्टर'ला आपण 'मुख्यमंत्री' म्हणतो. इंग्रजीनं डोकं घेतलं, संस्कृतनं मुख. 'पर कॅपिटा'साठी मात्र मराठीनं थेट डोकंच मोजलं: दरडोई. 'कॅपिटेशन' म्हणजेही डोकी मोजून घेतलेली रक्कम; रोमन साम्राज्यात 'कापितातिओ' हा करच होता. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1987चा आहे, आणि त्यातल्या फीचा त्या रोमन कराशी शब्दापुरता तरी पक्का संबंध आहे.

लॅटिनमध्ये 'लहान डोकं' म्हणजे 'कापितुलुम'. लिखाणाच्या तुकड्यावर जे लहान डोकं बसतं ते, म्हणजे आपलं शीर्षक, तेही 'शीर्ष'वरूनच. 'कापितुलुम'चं फ्रेंचमार्गे 'चॅप्टर' झालं. तहाच्या अटी शीर्षकं घालून कलमवार मांडणं म्हणजे 'कॅपिच्युलेट'. अटी मांडायची वेळ हरणाऱ्यावर यायची, म्हणून अर्थ झाला शरणागती. तीच शीर्षकं पुन्हा एकदा वाचून काढणं म्हणजे 'रिकॅपिच्युलेट'. मालिकेच्या भागाआधी दाखवतात तो 'रिकॅप' म्हणजे याचंच शेपूट तोडलेलं रूप.

'अचीव्ह' म्हणजे डोक्यापर्यंत, टोकापर्यंत नेणं. आपण 'तडीस नेणं' म्हणतो तसं. आणि वाईट टोकाला जाणं ते 'मिसचीफ'. सुरुवातीला यात अरिष्ट होतं, आज नुसता खोडकरपणा उरलाय. यातून एक चूक मात्र फार होते: 'मिस्चीव्हिअस'. शब्दात तीनच अक्षरं आहेत, 'मिस-चि-व्हस', आणि जोर पहिल्यावर.

(पडद्यावर: दंडाच्या स्नायूची आकृती, खांद्याकडची दोन टोकं रंगवलेली)

आता शोधकाम करणाऱ्याची खरी परीक्षा. लॅटिनमध्ये शब्दाच्या आधी काही जोडलं की मधला 'आ' ढिला पडतो आणि त्याचा 'ए' किंवा 'इ' होतो. 'कापुत'चं होतं 'केप्स', आणि सामान्यरूपात 'किपित'. 'बायसेप्स' म्हणजे दोन डोक्यांचा: हा स्नायू खांद्याच्या पात्याला दोन ठिकाणी चिकटलेला असतो. 'ट्रायसेप्स'ला तीन डोकी, मांडीच्या पुढच्या 'क्वाड्रिसेप्स'ला चार. यातला शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही. जिममध्ये 'एक बायसेप' म्हणतात ते या गैरसमजातून.

मग 'फोर्सेप्स'लाही डोकी असतील? नाही. तिथे आपला मघाचा 'कापेरे' आहे. 'फोर्मुस' म्हणजे गरम, आणि 'कापेरे' म्हणजे पकडणे. गरम वस्तू पकडायचं साधन, मराठीत सांडशी. 'प्रिन्सिपल'चंही तसंच: पहिली जागा पकडणारा. डोक्याशी संबंध नाही, मुख्याध्यापक असला तरी.

ओळखायचं कसं? शब्दाचं विशेषण किंवा क्रियापद करून पाहा आणि 'सिप'नंतर 'इट' येतं का ते ऐका. 'बायसेप्स'वरून 'बायसिपिटल': 'इट' आला, डोकं आहे. 'प्रेसिपिटेट': 'प्रे' म्हणजे पुढे, डोकं पुढे करून कोसळणं, परीक्षानळीत तळाशी बसणारा अवक्षेप आणि ढगातून पडणारा पाऊस, दोन्ही त्यातच. 'पार्टिसिपेट', 'अँटिसिपेट', 'रेसिपिअंट': 'सिप' आहे, 'इट' नाही. हे सगळे 'कापेरे'चे, पकडण्याचे.

दोन-तीन तोतयेही आहेत. जर्मनमधून आलेला 'कापुट', म्हणजे खलास, हा 'कापुत' नाही. तो पत्त्यांच्या पिके नावाच्या खेळात एकही हात न मिळालेल्यासाठी असलेल्या फ्रेंच 'कापो'वरून आला. 'चॅपल' 'चॅप्टर'सारखा दिसतो, पण ते नाव पडलं सेंट मार्टिन या ख्रिस्ती संताच्या झग्यावरून, 'कापेला'वरून. 'हँडिकॅप' म्हणजे टोपीत हात. आणि 'कपाळ' हे 'कापुत'च, असं ठामपणे सांगणारे निरोप फिरतात ते पुढे ढकलू नयेत; ते नातं पक्कं झालेलं नाही. आवाज जुळणं म्हणजे नातं जुळणं नव्हे.

(पडद्यावर: गोवा, समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक, वर पांढरी इमारत)

जमिनीचं डोकं समुद्रात घुसलं की इंग्रजीत 'केप'. मराठीत भूशिर, अक्षरशः तेच. पोर्तुगीजांनी 'कापुत'मधला 'प' मऊ केला आणि केला 'काबो'. मांडवी आणि झुआरी जिथे समुद्राला मिळतात, त्या दोघींमधल्या टोकाला त्यांनी हेच नाव दिलं. गोव्याच्या राज्यपालांचं निवासस्थान आज त्याच टोकावर आहे, आणि जुनी माणसं त्या जागेला अजून 'काब' किंवा 'काबो'च म्हणतात. तिथून समोर दिसणाऱ्या जहाजाचा 'कप्तान'ही त्याच घरातला, पोर्तुगीजांच्या 'कापितांव'वरून मराठीत उतरलेला. 'कॅप्टन' त्याचा इंग्रजी चुलतभाऊ.