बारावी जागा

नमस्कार श्रोतेहो.

व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय महिला संघाची यादी जाहीर झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अमकीचं नाव का नाही? तिच्यासारखा स्मॅश आहे का कुणाचा?" प्रश्न चुकीचा नसतो. बऱ्याचदा त्या मुलीचा स्मॅश खरोखरच सगळ्यांत जोरदार असतो. तरी ती यादीत नसते, आणि तिचं नसणं कित्येकदा बरोबरही असतं. हे असं का होतं, त्याबद्दल आज बोलणार आहे. मी स्वतः सेटर म्हणून, म्हणजे मारणारींना चेंडू उचलून देणारी म्हणून खेळले, एकदा राष्ट्रीय शिबिरातून वगळली गेले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी निवड समितीच्या टेबलामागे येऊन बसले. यादी दोन्ही बाजूंनी वाचली आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी जागांचा हिशोब करू. ऑलिंपिकच्या संघात बारा जणी असतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला चौदा. बाराची फोड साधारण अशी असते : दोन सेटर, दोन ऑपोझिट, चार आउटसाइड, तीन मिडल ब्लॉकर आणि एक लिबेरो. ऑपोझिट म्हणजे सेटरच्या समोरच्या जागेवरून मारणारी, आउटसाइड कडेनं मारणारी, मिडल ब्लॉकर जाळ्यापाशी मधोमध ब्लॉक करणारी, म्हणजे समोरचा स्मॅश हातांनी अडवणारी, आणि लिबेरो फक्त मागे बचाव करणारी. संपल्या जागा. आता बघा, देशातली पाचव्या क्रमांकाची आउटसाइड ही दुसऱ्या क्रमांकाच्या सेटरपेक्षा कितीतरी सरस खेळाडू असू शकते. पण ती घरी राहते आणि सेटर विमानात बसते. कारण इथं बारा उत्तम खेळाडू निवडायच्या नसतात, बारा कामांसाठी माणसं निवडायची असतात. पहिल्या सहा-सात नावांवर समितीत फारसा वाद होत नाही. ती नावं तुम्हीही घरबसल्या सांगाल. रात्री जागवतात ती दहावी, अकरावी आणि बारावी जागा.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. सेटर मागच्या रांगेत असते तेव्हा पुढे जाळ्यापाशी मारणाऱ्या तिघी असतात. सर्व्हिस परत मिळाली की सगळ्या एकेक जागा सरकतात, असा संघ फिरत फिरत सेटर पुढच्या रांगेत येते, त्याच वेळी तिच्या समोरच्या जागेवरची ऑपोझिट मागे सर्व्हिसला जाते. आता पुढे मारणाऱ्या दोघीच उरल्या. अशा वेळी प्रशिक्षक एकदम दोन बदल करतो. पुढे आलेल्या सेटरच्या जागी राखीव ऑपोझिट, मागे गेलेल्या ऑपोझिटच्या जागी राखीव सेटर. पुन्हा पुढे तिघी मारायला तयार! तीन फेऱ्यांनंतर मूळच्या दोघी परत येतात. एका सेटमध्ये सहाच बदल करता येतात, त्यातले चार यात गेले. उरलेल्या दोनात एखादी सर्व्हिसपुरती आत येणार आणि बाहेर जाणार, की खेळ खल्लास.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीचे प्रशिक्षक हुलिओ वेलास्को यांनी हा जोडबदल घड्याळ लावल्यासारखा वापरला. सेटर ओर्रो आणि ऑपोझिट एगोनू बाहेर, राखीव सेटर कांबी आणि राखीव ऑपोझिट अँट्रोपोवा आत. पाओला एगोनू ही त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, तिलाही मधूनच बाकावर बसवायची त्यांची तयारी होती. इटलीनं संपूर्ण स्पर्धेत एकच सेट गमावला आणि सुवर्णपदक नेलं. म्हणजे राखीव सेटर आणि राखीव ऑपोझिट या दोन सुट्या खेळाडू नाहीतच, ती जोडी म्हणूनच निवडायची. आणि श्रोतेहो, आणखी एक बारीक गोष्ट लक्षात आली का? या बदलात राखीव सेटर आत येते तेव्हा तिचं पहिलं काम चेंडू उचलून देणं हे नसतं. ती येते थेट सर्व्हिसला. हे ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचंय.

राखीव हा शब्दच मला फसवा वाटतो. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची ऑपोझिट जॉर्डन थॉम्प्सन हिचा घोटा साखळी सामन्यात दुखावला. तिच्या जागी अ‍ॅनी ड्रूज उभी राहिली, आणि ब्राझीलला सरळ तीन सेटमध्ये हरवून त्यांनी पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं. त्याच संघात फोलुके अकिनराडेवो गंडरसन ही मिडल ब्लॉकर होती. 2019 च्या शेवटी तिला मुलगा झाला होता. बाळंतपणानंतर खेळाडू संपली असं धरून चालणाऱ्या निवड समित्या मी पाहिल्या आहेत. त्यांना मी हे नाव ऐकवते.

आता चाचणीकडे येऊ. चाचणीत काय काय मोजतात? उभ्यानं हात कुठवर पोचतो, धावत येऊन उडी मारल्यावर कुठवर, ब्लॉकला कुठवर. महिलांचं जाळं 2.24 मीटर उंच असतं, त्यामुळे हे आकडे हवेतच. पण आकड्यांच्या वहीत उंची हा सगळ्यांत लोभस रकाना आहे, आणि सगळ्यांत जास्त चुका तिथंच होतात. जपानची सेटर योशिए ताकेशिता फक्त 159 सेंटिमीटर उंचीची. जाळ्याची वरची पट्टी तिच्या डोक्यावरून दोन वितींहून जास्त वर! ती पुढच्या रांगेत आली की समोरचे संघ तिच्या डोक्यावरूनच मारणार, हे उघड होतं. जपाननं तो तोटा पत्करला आणि मागचा बचाव त्याप्रमाणे बसवला. 2006 च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला. क्यूबाच्या मिरेया लुईसची उंची 175 सेंटिमीटर, मारणारीसाठी बेताचीच. पण तिची उडी अशी होती, की 1992, 1996 आणि 2000 अशी ओळीनं तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणाऱ्या संघात ती होती. उंची बघू नका असं मी म्हणत नाही. तिच्यापाशी थांबू नका, एवढंच.

मग येतात मारण्याचे आकडे. समजा एकीनं चाळीस चेंडू मारले. अठरा गुण मिळाले. टाळ्या अठरांना पडतात. पण चार बाहेर गेले आणि पाच ब्लॉक झाले. अठरातून नऊ वजा, उरले नऊ. चाळिसात नऊ म्हणजे साडेबावीस टक्के. दुसरीनं चाळीस मारले, गुण चौदाच, पण एक बाहेर आणि एक ब्लॉक. चौदातून दोन गेले, बारा. तीस टक्के. वहीत दुसरी पुढे. थांबा, अजून निकाल लावू नका. दुसरीला सगळे चेंडू छान पासवरून, म्हणजे सेटरकडे नीट पोचलेल्या पहिल्या चेंडूवरून, मिळाले असतील, समोर एकटी ब्लॉकर असेल. पहिलीकडे पास बिघडल्यावरचे उंच चेंडू आले असतील, समोर दोघींची भिंत. महिलांच्या खेळात एकेक रॅली लांबते, बिघडलेल्या पासवरूनच कितीतरी गुण ठरतात. म्हणून मी फक्त बिघडलेल्या पासवरचे चेंडू वेगळे काढून बघते. सगळा तक्ता तिथं उलटापालटा होतो.

आणि काही कामांना रकानाच नसतो. एका चाचणीत एक मिडल ब्लॉकर पाहिली होती. सेटर तिला चेंडू देतच नव्हती, दोघींची ओळखच नव्हती. ही मात्र प्रत्येक पासला वेळेवर उडी घेत होती, मारायच्या आवेशात, रिकाम्या हातानं. समोरची ब्लॉकर प्रत्येक वेळी तिच्याबरोबर उडत होती आणि बाजूला आउटसाइडला मोकळं रान मिळत होतं. मी मोजत बसले. ओळीनं अकरा उड्या, चेंडू शून्य. बारावीलाही तीच उडी, तेवढीच उंच. तिच्या नावापुढे गुण एकही नव्हता. मी वहीत तिच्या नावाभोवती गोल केला. शेजारचे सदस्य म्हणाले, "हिनं केलं काय?" त्या चाचणीत सगळ्यांत जास्त गुण काढलेल्या आउटसाइडचे निम्मे गुण हिचे होते, हे त्यांना पटवायला चहाची पूर्ण सुट्टी गेली.

एकमेकींची सवय ही गोष्ट निवडीत कुठं बसवायची, हा जुना पेच. 1964 ला टोकियोत महिला व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा जपानचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी तो पेच सोडवायचं नाकारलंच. निचिबो या कापडगिरणीच्या संघातल्या बहुतेक मुली उचलून त्यांनी राष्ट्रीय संघ केला. दिवसा कंपनीत काम, नंतर मध्यरात्रीपर्यंत सराव. सोव्हिएत संघाला तीन सेटमध्ये हरवून त्या जिंकल्या. ती शिस्त आज कुणी सोसावी असं मला वाटत नाही. आज तसा संघ जमणारही नाही. चांगल्या खेळाडू निरनिराळ्या देशांच्या लीगमधून दमून येतात आणि शिबिराला जेमतेम काही आठवडे मिळतात.

मला आवडते ती लांग पिंग यांची रीत. 1984 ला खेळाडू म्हणून ऑलिंपिक सुवर्ण, 2016 ला चीनच्या प्रशिक्षक म्हणून पुन्हा सुवर्ण. त्या ठरावीक डझनभर खेळाडूंना धरून बसल्या नाहीत. मोठा ताफा जमवला आणि वेगवेगळ्या स्पर्धांना वेगवेगळ्या मुली नेऊन पारखल्या. 2016 च्या त्या रिओ ऑलिंपिकमध्ये साखळीतले पाचपैकी तीन सामने चीन हरला. नेदरलँड्सकडून, सर्बियाकडून, अमेरिकेकडून. गटात चौथा. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ब्राझील, ज्यांनी तोवर एकही सेट गमावला नव्हता. पहिला सेट चीन हरला. तिथं लांग पिंग यांनी कर्णधार हुई रुओचीला बसवून ल्यू श्याओतोंगला आणलं, आणि पाच सेटमध्ये सामना फिरला. विचार करा, ल्यू ही त्या बारा जणींतली काही पहिल्या पसंतीची नव्हती. चीनच्याच झू टिंगचे स्मॅश जगाला आठवतात, आणि ते आठवावेतच. पण निवड समितीची नोकरी केलेल्या माणसाला तो बदल आठवतो. कर्णधार हुईचीही गंमत बघा. काही महिन्यांपूर्वी तिच्या हृदयावर उपचार झाले होते. अंतिम सामन्यात सर्बियाविरुद्ध शेवटचा गुण घेतला तो तिनंच. जाळ्यावरून अलगद आलेला चेंडू, तिनं वरच्या वर खाली दाबला.

आता माझी स्वतःची गोष्ट. मी वगळली गेले तेव्हा हॉलच्या दारावर कागद चिकटवला होता. दोन सेटरची नावं, त्यांत माझं नव्हतं. दुसरी जी घेतली होती तिचा हात माझ्याइतका मऊ नव्हता, हे मी आजही सांगेन. कारण कुणी सांगितलं नाही. मी कितीतरी वर्षं वशिला, राजकारण, काय काय धरून बसले. पुढे टेबलामागे बसून दोन राखीव सेटरची तुलना करत होते, तेव्हा प्रकाश पडला. माझी सर्व्हिस! जोडबदलात आत जाऊन पहिला चेंडू मीच मारणार होते, आणि माझी सर्व्हिस म्हणजे समोरच्या संघाला आयता पास.

त्या दिवशी मीही एका मुलीला त्याच कारणासाठी वगळलं. पण दारावर कागद लावायच्या आधी तिला बोलावलं, वही उघडून दाखवली. चौदा सर्व्हिस, त्यातल्या अकरांवर समोरून बिनचूक पास. तिनं बोट ठेवून पुन्हा मोजलं. अकराच होते. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मॅडम, शिबिराला तीन आठवडे झाले. हे पहिल्या आठवड्यात का नाही सांगितलंत?"

वहीत पहिल्या आठवड्याचं पानही होतं. त्यातही आकडे जवळपास तेच होते. मी ते पान उलटून तिच्यापुढे धरलं, आणि तिनं ते वाचलं.

नमस्कार.