ठराव कोणाचा, कारभार कोणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

राज्यशास्त्राच्या विभागात ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा विषय घेऊन संशोधनाला बसणाऱ्या माणसाकडे त्याचे सहकारी थोड्या कीवेनेच पाहतात, कारण राज्यघटना आणि परराष्ट्र धोरण यांच्या पंक्तीत गटारे, पाणीपट्टी आणि प्रभागरचना यांना मानाचे पान मिळत नाही. तरीही माझी अध्यापनाची आणि संशोधनाची सगळी वर्षे महाराष्ट्रातल्या महापालिकांचा कारभार समजून घेण्यात गेली. शहराचा निर्णय नेमका कोण घेते, हा प्रश्न मी त्या काळात निरनिराळ्या बाजूंनी विचारत आलो, आणि आज त्याविषयीच बोलणार आहे.

या प्रश्नाचे मूळ मुंबईत आहे. 1865 च्या कायद्याने शहराचा कारभार जवळजवळ एकट्या आयुक्ताच्या हाती सोपवला आणि आर्थर क्रॉफर्ड यांनी तो मोठ्या धडाक्याने चालवला. आजच्या महात्मा फुले मंडईला पूर्वी त्यांचेच नाव होते. शहराला रूप आले, पण खर्चाचा मेळ बसेना, करदाते संतापले आणि 1871 मध्ये आयुक्ताचे पदच नको, अशी भाषा सुरू झाली. त्या वेळी तरुण वकील फिरोजशहा मेहता यांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. कार्यकारी सत्ता एका अधिकाऱ्याकडे असण्यात दोष नाही, त्याच्यावर निवडून आलेल्या सभेचा वचक नाही हा खरा दोष आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. पुढे 1872 च्या कायद्याने निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले, आणि 1888 च्या कायद्याने महापालिका (म्हणजे सर्व सदस्यांची सभा), स्थायी समिती (म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी निवडक सदस्यांची समिती) व आयुक्त अशी जी रचना पक्की केली, तिच्याच धर्तीवर 1949 चा कायदा होऊन राज्यातल्या इतर बहुतेक महापालिका चालू लागल्या. माझ्या मते आपण मेहतांच्या मांडणीतला आयुक्त तेवढा जपला आणि वचक हळूहळू सैल होऊ दिला.

हे मला ग्रंथांपेक्षा सभांच्या इतिवृत्तांतून अधिक कळले. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, समिती उत्पन्नाची बाजू वाढवून त्यात सदस्यांची कामे बसवते आणि सर्वसाधारण सभेत ते आणखी फुगते. वर्तमानपत्रांत त्याच दिवसाचे आकडे छापून येतात. अभ्यासकाचे काम मात्र त्यानंतर सुरू होते, कारण वर्षभर ‘वर्गीकरणा’चे प्रस्ताव येत राहतात, म्हणजे एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, आणि विषयपत्रिकेच्या शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून जे येते ते पुष्कळदा चर्चेविना संमत होते. मूळ अंदाजपत्रक, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमाखर्च ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली, की कोणत्या प्रभागाला कोणाच्या शब्दावर रस्ता मिळाला याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते फारसे कोणी करत नाही.

सभेने केलेला ठराव तरी टिकतो का? 1949 च्या कायद्याच्या कलम 451 नुसार राज्य शासन असा ठराव निलंबित करू शकते किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. त्यामुळे आयुक्तांना न पटलेला ठराव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातो, आणि शहराचा प्रश्न शहराबाहेर सुटतो किंवा तिथेच पडून राहतो. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नागरी संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवता येण्याजोगे अठरा विषय आले, तरी ही वाट बंद झाली नाही. पैशांच्या बाबतीत तर उलटेच घडले. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतांश रद्द झाला, 2017 मध्ये वस्तू व सेवा कर येताच मुंबईची जकातही संपली, आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागल्या.

रचना बदलण्याचे प्रयोग झाले, पण त्यांना वय मिळाले नाही. कोलकात्यात महापौर परिषदेची पद्धत, म्हणजे कार्यकारी सत्ता आयुक्ताऐवजी महापौर आणि त्याच्या निवडक सहकाऱ्यांकडे असण्याची पद्धत, 1980 च्या दशकापासून चालू आहे, तर मुंबई आणि नागपुरात ती 1998 मध्ये आली आणि वर्षभरातच गुंडाळली गेली. नगरपरिषदांत मतदारांकडून नगराध्यक्षाची थेट निवड 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. विद्यार्थ्याचा प्रबंध तपासून होईपर्यंत त्याच्या विषयाचा कायदाच बदललेला असे!

मार्च 2022 मध्ये मुंबई, पुणे आणि इतर अनेक महापालिकांची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असे राज्यघटनेचे अनुच्छेद 243-यू सांगत असताना, तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक राहिले. प्रभागांची रचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरचे वाद न्यायालयात होते, हे कारण खरेच होते. परंतु परिणाम असा झाला, की आयुक्त म्हणून मांडलेला प्रस्ताव त्याच अधिकाऱ्याने प्रशासक म्हणून मंजूर करायचा, आणि स्थायी समिती व सर्वसाधारण सभा या दोन्हींची जागा त्याच सहीने भरायची. एरवीच्या इतिवृत्तांत हरकतीचे मुद्दे असतात, उपसूचना असतात, सभात्याग असतात, अगदी शिवीगाळही असते, आणि त्यांतूनच निर्णयाला विरोध कोणाचा होता हे कळते. या काळातल्या कागदांत केवळ मंजुरी सापडते.

या विषयाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांना मी एवढेच सुचवीन, की मुंबई-पुण्याऐवजी एखादी लहान नगरपरिषद घ्यावी. तेथे आयुक्ताच्या जागी मुख्याधिकारी असतो, सभा लहान असते आणि माहितीच्या अधिकारात दहा वर्षांची अंदाजपत्रके मागता येतात. आधी जमाखर्च वाचावा, नंतर माणसांना भेटावे, आणि सिद्धांताचे प्रकरण सर्वांत शेवटी लिहावे.