बाँड मोडून यायचं असेल तर पळून येऊ नका

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बाँडबद्दल. परदेशात नोकरीला जाताना पोट्ट्यांकडून सही करून घेतात ना तो, दोन वर्षं सोडणार नाही, तीन वर्षं सोडणार नाही, सोडली तर इतके लाख भरीन, असा. आपल्या नागपुरातून किती पोरं-पोरी बाहेर जातात, वेल्डर, एसी टेक्निशियन, नर्स, हॉटेल लाइनवाले, आयटीवाले, आणि बऱ्याच जणांचा बाँड इथेच होतो, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, निघायच्या अगदी तोंडावर. तेव्हा डोक्यात बॅग, व्हिसा, तिकीट, वाचतो कोण? आणि पोराच्या सहीखाली बऱ्याचदा अजून एक सही असते, वडिलांची, जामीनदार म्हणून.

या दुसऱ्या सहीमुळेच सगळा घोळ होतो. पोरगा तिकडे दुबईत बारा-बारा तास राबून राहिला, पगार सांगितला त्यापेक्षा कमी, ओव्हरटाइमचा पत्ता नाही, सोडतो म्हणाला की फोन इकडे मानेवाड्याला बापाला येतो. तुमचा मुलगा पळाला तर पाच लाख भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. मग बाप घाबरतो आणि पोरालाच म्हणतो, बेटा, काढ दोन वर्षं कशीतरी. मला याचा फार संताप येतो, कारण हे दबावाचं काम कायद्याच्या नावाने चालतं आणि कायदा तसं म्हणतच नाही.

नोकरीचा बाँड मोडणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. म्हणजे समोरच्याला पैसे हवे असतील तर त्याने कोर्टात जायचं, दावा लावायचा, नुकसान काय झालं ते सांगायचं. आपला करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 74 म्हणतं की बाँडात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. आणि तुम्हाला जबरदस्तीने त्याच मालकाकडे कामाला लावा असा आदेश आपलं कोर्ट देत नाही.

पण म्हणून बाँड म्हणजे नुसता रद्दी कागद असंही समजू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाखांची अट कायम ठेवली, कारण सरकारी बँकेला नवीन भरतीची पूर्ण प्रक्रिया परत करावी लागते, खर्च येतो, तो खरा आहे. मग तुमच्या बाँडाला पहिला प्रश्न हाच विचारायचा, खर्च खरा आहे का? एक बाई मुलीची फाईल घेऊन आल्या होत्या, मुलगी नर्स, बाँडात ट्रेनिंगचे तीन लाख, आणि ट्रेनिंग काय तर मोबाईलवर पाठवलेले व्हिडिओ. फाईलमध्ये पावती एकच होती, मेडिकलची, तीही मुलीनेच भरलेली. आता सांगा, या तीन लाखांचा हिशोब कोर्टात कोण देणार?

आणि एजंटची फी म्हणाल तर सरकारने रजिस्टर्ड एजंटसाठी 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी हद्द ठरवून दिलेली आहे. त्यावर घेतले असतील तर तुम्हीच उलट तक्रार करू शकता.

आता खरा मुद्दा. मुलं बाँडाला घाबरतात आणि घाबरून जे करतात त्याने जास्त फसतात. रूमवरून गुपचूप निघतात, मित्राकडे लपतात, दुसरीकडे कामाला लागतात. मग मालक फरार म्हणून रिपोर्ट टाकतो, सौदीत त्याला हुरूब म्हणतात, आणि मग व्हिसा, पुढची नोकरी, सगळंच अडकतं. नोकरी सोडणं वेगळं आणि पळून जाणं वेगळं. राजीनामा लेखी द्या, ईमेलने द्या, तारीख टाका, नोटीस पिरियड भरा. युएईचा नवीन कामगार कायदा फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, त्यात नोटीस 30 ते 90 दिवस, करारात असेल तितकी. प्रोबेशनमध्ये असाल आणि देश सोडून घरीच यायचं असेल तर 14 दिवस. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथे मनाई आहे, तुमचे कागद ठेवून घ्यायलाही मनाई आहे. घरकामाच्या नोकऱ्यांना मात्र वेगळा कायदा लागतो, तेवढं ध्यानात ठेवा. सौदीत 2021 पासून एक वर्ष झालं की मालकाच्या परवानगीशिवाय, नोटीस देऊन दुसरीकडे जाता येतं, घरकामवाले आणि घरचे ड्रायव्हर त्यात येत नाहीत.

पासपोर्टबद्दल तर स्पष्ट बोलतो. तो भारत सरकारचा आहे, मालकाचा नाही आणि एजंटचा तर नाहीच. देत नसेल तर तिथल्या दूतावासात जा, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, तिकिटाचेही पैसे नसतील तर अडकलेल्या लोकांसाठी दूतावासाकडे वेगळा फंड असतो, मागायला लाजू नका.

अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्यांनो, तुमच्यासाठी थोडक्यात. लवकर सोडलं म्हणून दंड लावायला तिथे मनाई आहे, फक्त खऱ्या नुकसानीच्या अंदाजाने आधी ठरवलेली भरपाई मागता येते, आणि व्हिसासाठी मालकाने तिथे जो अर्ज (पिटिशन) टाकला त्याची फी तुमच्याकडून वसूल करता येत नाही.

दोन ठिकाणी मात्र खरोखर सांभाळा. एक, कोरा चेक. बाँडासोबत सही केलेला कोरा चेक दिला असेल तर तो बाउन्स झाला की मामला फौजदारीत जाऊ शकतो, म्हणून देऊच नका, दिला असेल तर आजच वकिलाला दाखवा, बँकेत परस्पर स्टॉप पेमेंट टाकून निश्चिंत बसू नका. दोन, दुबईच्या कोर्टाची नोटीस. जानेवारी 2020 पासून युएईच्या कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा आपल्याकडच्या जिल्हा कोर्टात वसुलीला आणता येतो, त्यामुळे भारतात आलो, संपलं, असं नसतं. तिथली नोटीस आली तर उत्तर द्या.

आणि वडिलांनो, जामीनदार म्हणून सही केली असेल तर तुमची जबाबदारी पोराइतकीच आहे, पण पोराहून जास्त नाही. जिथे त्याचा आकडा कमी होतो तिथे तुमचाही होतो. फोनवर धमकी आली तर एकच म्हणा, जे काय आहे ते लेखी पाठवा. बहुतेकदा लेखी काही येतच नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिलांना, एससी-एसटी समाजातल्यांना, औद्योगिक कामगारांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकील मोफत मिळतो, फोन लावायचा तर 15100. जाताना बाँडाची झेरॉक्स, ऑफर लेटर, तिकडे गेल्यावर सही केलेला करार, पगाराच्या बँक एंट्र्या आणि एजंटला दिलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, एवढं सोबत घेऊन जा.