तारीख ठरली की काम होतं

श्रोतेहो, नमस्कार.

गणेश चतुर्थीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी सकाळी डांबराचा वास येतो. खड्डे बुजतात. लोंबकळणाऱ्या तारा वर ओढून बांधल्या जातात, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या छाटल्या जातात. बेळगावातल्या कपिलेश्वर तलावाजवळ विसर्जनासाठी क्रेन येऊन उभी राहते. मंडळं, पोलीस, वीजवाले, पालिकेची माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि मिरवणूक कुठून वळणार, मूर्ती किती उंच, याचा हिशेब आधीच होतो. अनंत चतुर्दशी पुढे ढकलता येत नाही, हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आपल्या बेळगावात समारंभांची कमी नाही. वैशाखात तिथीची शिवजयंती आणि रात्रभर चालणारे चित्ररथ, आषाढात वडगावची मंगाई यात्रा, मग गणपती, नवरात्र. समारंभ म्हटला की उधळपट्टी असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. समारंभाला तारीख असते, आणि तारखेपायी कामं होतात.

शंभर वर्षांपूर्वीचंच पाहा. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळा भार उचलला होता. एवढी माणसं येणार, त्यांना पाणी कुठून आणायचं? म्हणून विहीर खणली. तिला पंपा सरोवर नाव दिलं. मंडप उतरला, पाहुणे गेले, विहीर मात्र आजही तिथंच आहे. काँग्रेस रोडवरून जाताना कधी मुलांना घेऊन तिच्या काठाशी थांबा आणि आत डोकावून पाहा. कुठलाही नागरी समारंभ जोखायला माझ्याकडे तेवढंच माप आहे: मांडव उतरल्यावर मागे काय राहिलं?

आता महापालिकेचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण आपण नगरसेवकांवर चिडतो तेव्हा नेमकं काय मागायचं तेच पुष्कळदा माहीत नसतं. सभागृहात ५८ प्रभागांचे ५८ नगरसेवक बसतात. मुदत पाच वर्षांची. महापौर मात्र एकाच वर्षाचा. म्हणजे त्यांच्या वाट्याला एक शिवजयंती, एक गणेशोत्सव आणि एकच अर्थसंकल्प! मोठ्या गटाराचं काम एका वर्षात होत नाही. नारळ एक महापौर फोडतात, उद्घाटनाची फीत दुसरेच कापतात. त्यामुळे जे काम वर्षात दिसतं तिकडे ओढा राहणं साहजिक आहे. चार स्थायी समित्या असतात: कर आणि अर्थ, आरोग्य, नगररचना, लेखा. अर्थसंकल्प कर आणि अर्थ समितीच्या अध्यक्षांनी मांडायचा. अंमलबजावणी आयुक्तांकडे, आणि ते सरकारने नेमलेले अधिकारी. शिवाय सरकारी निधी ज्या कारणासाठी आला त्याच कारणाला खर्चावा लागतो. एप्रिलअखेर घरपट्टी भरली की पाच टक्के सूट मिळते, ती आपण आठवणीने घेतो. तो पैसा कुठं लावायचा हे मात्र त्याआधीच, मार्चपर्यंत ठरून गेलेलं असतं. पावसात गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेली मागणी म्हणूनच वर्षभर मागे पडते.

एका समारंभाबद्दल मात्र मला मनापासून बोलायचं आहे. २३ सप्टेंबरला कर्नाटकात पौरकार्मिक दिन असतो, आपल्या सफाई कामगारांचा दिवस. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामदेव गल्लीतून चालत गेलं तर गुलालाने भिजलेला रस्ता दिसतो, आणि वाकून झाडणाऱ्या बायका. गटाराच्या जाळीत अडकलेले हार त्या हाताने ओढून काढतात, बोटं लाल होतात. शेवटच्या मूर्ती तेव्हा तलावाच्या वाटेवरच असतात. शहराचा पहिला नागरी सत्कार या बायकांचा व्हावा. शाल-श्रीफळ द्याच, पण जोडीला चांगले हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगारही द्या.

आणि नाल्याचं काय? बळ्ळारी नाला गाळाने आणि जलपर्णीने तुंबतो, शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पाणी शिरतं, भाताची रोपं कुजतात आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. आपल्या बेळगाव बासमतीचं हे शिवार. नाल्यालाही तारीख आहे, मृग नक्षत्राची. पण तिथं मिरवणूक जात नाही, म्हणून ती कुणी मोजत नाही. ती आपण मोजायची.

जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या नगरसेवकाकडे अर्ज द्या. मराठीत लिहा आणि पोच घ्या. सभेची विषयपत्रिका मराठीतही मिळावी, ही आपली जुनी मागणीही त्यात घाला. अर्जात ‘लवकरात लवकर’ असं लिहू नका, तारीख लिहा. पथदीप नवरात्राआधी, यात्रेची फिरती शौचालयं मंगाईच्या आधी. माझा यंदाचा अर्ज तयार आहे. मृग ७ जूनला निघतो, म्हणून बळ्ळारी नाल्यातला गाळ काढायची तारीख मी ३१ मे घातली आहे.