कुट्टूचा फुलोरा थंडीत गाठायचा

[दृश्य: तळहातावर काळपट, तीनधारी दाणे]

हा कुट्टू. याचं पीठ होतं म्हणून आपण याला धान्यात धरतो, पण गव्हा-ज्वारीशी याचं नातं नाही. हा आंबट चुक्याच्या कुळातला. पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांत काढणीला येतो. हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत तो उन्हाळ्या-पावसाळ्यात घेतात. आपल्याकडे ते वेळापत्रक चालत नाही, आणि त्याचं कारण फुलांत आहे.

उष्ण हवेत झाड वाढतं, फुलतंही. पण पारा 30 अंशांच्या वर राहिला की फुलं दाणा न धरताच सुकतात. शेत पांढरंशुभ्र दिसतं आणि खळ्यावर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून पेरणीची तारीख फुलोऱ्यापासून मागे मोजायची. पेरल्यावर चार-पाच आठवड्यांनी फूल लागतं. ते दिवस थंड आणि कोरडे हवेत.

[दृश्य: कोकणकिनारा, घाट, पुण्याजवळचं माळरान, पाचगणीचं पठार]

हजार मीटर वर चढलं की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते. कोकणकिनाऱ्यावर जानेवारीतही दुपार तिशी ओलांडते. तिथे कुट्टू हिरवळीच्या खतासाठी किंवा मधमाश्यांच्या चाऱ्यासाठी लावावा, दाण्याची आशा धरू नये. पुणे 560 मीटरवर. इथे ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी, डिसेंबरात फुलोरा, जानेवारीत काढणी. पाचगणी-महाबळेश्वरला, तेराशे मीटरच्या आसपास, पाऊस उघडला आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पेरता येतं.

तिथे एक जागा मात्र टाळावी: वेण्णा तलावाकाठचा सखल भाग. कडाक्याच्या थंडीत पहाटे तिथे दंव गोठतं आणि कुट्टू एका रात्रीत काळा पडतो. उंचीवर थंडी जास्त, हा हिशेब दिवसाचा. रात्री थंड हवा खाली उतरून खोलगटात साचते. म्हणूनच थंडीतल्या काही रात्री पुण्याचा पारा महाबळेश्वरच्याही खाली जातो.

[दृश्य: पाभरीने पेरणी]

थंडीतले दिवस लहान. त्यात कुट्टू लवकर फुलतो, पण झाड बुटकं राहतं, फांद्या कमी फुटतात. उपाय दाट पेरणीचा. डोंगरी भागात एकरी 14 ते 16 किलो बियाणं टाकतात. इथे 18 ते 20 किलो धरा. दोन ओळींत 20 ते 25 सेंटिमीटर, खोली 2 ते 3 सेंटिमीटर. बियाणं टरफलासकटच घ्या. उपवासासाठी दुकानात मिळणाऱ्या सोललेल्या कुट्टूवर पेरणी करू नका.

मुरमाड, निचऱ्याची जमीन उत्तम. किंचित आम्ल जांभी मातीही चालते. भारी काळ्या रानात गादीवाफे हवेतच, कारण पाणी साचलं की कोवळी रोपं पिवळी पडून मरतात. मुळं उथळ, म्हणून पाणी हलकं द्या, पण फुलोऱ्यात ताण पडू देऊ नका. आणि युरियाचा हात आखडता ठेवा: एकरी 35 किलो पुरे. जास्त झाला की झाड लुसलुशीत होऊन लोळतं.

[दृश्य: फुलावर सातेरी मधमाशी]

कुट्टूत दोन प्रकारची झाडं असतात. एकाच्या फुलात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, दुसऱ्यात उलट. एका प्रकारचा पराग दुसऱ्यावर पोचला तरच दाणा भरतो आणि ते काम मुख्यतः कीटकांचं. फूल एकच दिवस टिकतं. मध सकाळी जास्त असतो. फुलोरा सुरू होताच सातेरीच्या एकरी दोन-तीन पेट्या बांधावर ठेवा आणि त्या काळात कीटकनाशक अजिबात फवारू नका.

[दृश्य: पहाटेची काढणी]

एकाच झाडावर फूल, हिरवा दाणा आणि पिकलेला दाणा एकदम दिसतात. सगळं पिकायची वाट बघितली तर आधीचे दाणे गळतात. चारातले तीन दाणे काळपट झाले की दंव अंगावर असतानाच कापा, पेंढ्या उभ्या करून आठवडाभर वाळवा, मग काठीनं झोडपा. दाणा दाताखाली कटकन फुटला की पोत्यात भरा. हिरवा पाला जनावरांना भरपेट घालू नका. त्यातल्या फॅगोपायरिन नावाच्या द्रव्यामुळे पांढऱ्या कातडीच्या जनावरांची त्वचा उन्हात भाजल्यासारखी सोलून निघते.