गोल्डन रॉड : पंप उचलण्याआधी पान उलटा

पुष्पगुच्छात जरबेराच्या मागे दिसतात ते हे पिवळे तुरे. गोल्डन रॉड. मूळ उत्तर अमेरिकेचं, पण इथं दक्षिण सोलापूरच्या काळ्या रानात ठिबकवर चांगलं रुजलंय.

हा शेंडा जवळून बघा. मावा. कोवळ्या दांड्यातला रस शोषतोय. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी खालून मुंग्या चढतायत. असं दिसलं की हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो. जरा थांबा. माव्यात फिरणारी ही काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली? कीड समजून हिलाच चिरडतात. ही ढालकिड्याची अळी, मावा हेच हिचं खाणं. आणि हे फुगून तपकिरी पडलेले मावे मेलेले आहेत; एका इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीनं त्यांच्या पोटात अंडी घातली होती. जहाल औषध मारलं की आधी हे राखणदार मरतात. मावा पुन्हा येतो, तेव्हा त्याला खाणारं कुणी उरत नाही.

तरीही मावा हटेना, तर निंबोळी अर्क. ताईंनी पावसाळ्याच्या तोंडावर वेचून सावलीत वाळवलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटल्यात. ही भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजली. आता फडक्यातून पिळायची. पांढरट पाणी निघतंय बघा. चोथा पुन्हा धुऊन पिळायचा. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी घालत १०० लिटर करायचं. फवारणी संध्याकाळीच, मधमाश्या परतल्यावर, आणि नोझल पानाखालून वर.

कारण रोगही पानाखालीच सापडतो. बोटाला लागलेली ही नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. अमेरिकेत ही बुरशी पाइनच्या झाडावरही राहते. इथं पाइनची रानं नाहीत, पण ही भुकटी वाऱ्यानं पानावरून पानावर जाते आणि ओल मिळाली की रुजते. म्हणून पाणी बुडाशी द्यायचं, छाटणीनंतर मुनवे, म्हणजे बुडातून फुटणारे कोंब, विरळ करायचे, रोगट पानं रानाबाहेर न्यायची. डागाळलेला दांडा जुडीतून बाद होतो.

जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पानांवर पांढरी भुरी दिसली, तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. उन्हाळ्यात मात्र नको. पारा पस्तिशीपुढे गेला की गंधकानंच पानं करपतात, आणि सोलापूरचं ऊन तर चाळिशी ओलांडतं.